जपानमध्ये बावचळून जायचं नसेल तर: निघण्याआधीपासून शेवटच्या दिवसापर्यंत

परदेशातल्या सांस्कृतिक धक्क्याचा विषय निघाला की बहुतेक जण थेट मनावर येतात. मोकळ्या मनाने जा, तुलना करू नका, वेगळेपणाचा आनंद घ्या वगैरे. सल्ला चुकीचा नाही. पण रात्री नऊ वाजता रिकाम्या पोटी टोकियोच्या शिंजुकू स्टेशनात उभं राहून, दोनशेहून जास्त एक्झिटपैकी आपली कुठली हे शोधत असताना तो काडीच्या उपयोगाचा नाही. जपानमध्ये धक्का आधी पोटाला बसतो, मग पायांना, आणि तिथून डोक्यात जातो. पोट आणि पाय सांभाळले तर डोक्याचं निम्मं काम परस्पर होतं. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. टूर कंपनीबरोबर गेलात तर यातलं बरंचसं टूर मॅनेजर निस्तरतो. इथे लिहिलंय ते स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांसाठी.

जपानबद्दल एक घोळ असा, की तिथे घाण नाही, फसवाफसवी फारशी नाही, गाड्या वेळेवर येतात, रात्री एकटं फिरता येतं. त्यामुळे ‘इथे कसला आलाय धक्का’ असं वाटून आपण गाफील राहतो. धक्का बसतो तो शांततेचा, आणि कुणी न सांगितलेल्या नियमांचा.

‘कल्चर शॉक’ ही कल्पना रुळवली कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. १९५४ साली रिओ दि जानेरोमध्ये त्याने दिलेलं भाषण १९६० मध्ये लेख म्हणून छापून आलं. आधी नव्याची नवलाई, मग चिडचिड, मग सावरणं, मग रुळणं, असे चार टप्पे त्याने सांगितले. पण तो बोलत होता परदेशात राहायला गेलेल्या लोकांबद्दल. दहा-बारा दिवसांच्या प्रवाशाच्या वाट्याला पहिले दोनच टप्पे येतात. चिडचिड ऐन भरात येते आणि परतीचं विमान समोर उभं असतं. तेव्हा ‘तिथे गेल्यावर हळूहळू सवय होईल’ या भरवशावर राहू नका. तयारी घरूनच व्हायला हवी.

पहिली पायरी: निघण्याआधी पोटाची सोय

मांसाहारी असाल तर हा भाग चाळून पुढे गेलात तरी चालेल. शाकाहारींनी मात्र नीट वाचा.

अडचण मांसाची नाही, माशाची आहे. वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, म्हणजे ‘दाशी’, हा जपानी स्वयंपाकाचा पाया. मिसो सूपमध्ये तो असतो, उदोन-सोबा नूडल्सच्या रश्शात असतो, भज्यांसारख्या तेम्पुराबरोबर येणाऱ्या पातळ सॉसमध्येही असतो. तुम्ही टोफू मागवता, निर्धास्त होता, आणि समोर येणाऱ्या वाटीत टोफूवर गुलाबीसर तपकिरी, कागदासारखे पातळ पापुद्रे वाफेने वळवळत असतात. तेही मासेच. वाढणाऱ्याने फसवलेलं नसतं. मांस नको म्हणालात, ते त्याने दिलेलं नाही. दाशी त्याच्या लेखी मासा नव्हेच, ती चव आहे.

यावर उपाय म्हणजे जपानी लिपीत छापलेलं एक कार्ड. त्यात पदार्थांची नावं घेऊन लिहायचं: मांस, मासे, कोळंबी-शिंपले, माशाची दाशी खात नाही, अंडं आणि दूध चालतं किंवा चालत नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून भागत नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही. ओळखीतल्या कुणाकडून तरी तपासून घ्या. तोंडाने सांगायची वेळ आली तर: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस.’

दुसरी गोष्ट, आपल्याकडे चालतं तसं ‘यातून एवढं काढून द्या’ तिथे सहसा चालत नाही. कांदा-लसूण वगळून बनवा म्हटलं तर स्वयंपाकी उद्धटपणे नाही म्हणणार नाही. दातांतून हवा आत ओढेल, मान तिरकी करेल आणि ‘जरा अवघड आहे’ म्हणेल. ते ठाम ‘नाही’ असतं. तिथे हुज्जत घालत बसू नका, दुसरं दुकान गाठा.

शाकाहाराची सगळ्यात सुंदर सोय बौद्ध मठांत आहे. ‘शोजिन र्योरी’ या त्यांच्या जेवणात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही नसतो. मुळा, गाजर असे कंद मात्र असतात, हे जैन वाचकांनी ध्यानात ठेवावं. ओसाकाहून रेल्वेने आणि मग केबल कारने कोयासानला जाता येतं. तिथे पन्नासेक मठ पाहुण्यांना ठेवून घेतात. बहुधा संध्याकाळी पाचच्या आत पोचावं लागतं, कारण जेवण लवकर असतं. तिथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला आहे, तेव्हा मराठी माणसाला तिथे जायला जेवणापलीकडेही कारण आहे.

शहरात भारतीय हॉटेलं ठिकठिकाणी सापडतात. त्यातली बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात. ताटाबाहेर लोंबणारा नान आणि गोडसर करी मिळते. घरची आठवण भागेलच असं नाही, पोट भरतं. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, तिथे वाणसामानही मिळतं.

बॅगेत काय न्यावं? गरम पाणी घातलं की होणारे पोहे-उपम्याची पाकिटं, मेतकूट, शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, चहाची प्रीमिक्स पाकिटं. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असतेच. दुकानात शिजवलेल्या साध्या भाताचं सीलबंद पाकीट मिळतं, ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करून वर मेतकूट आणि चटणी घातली की चौथ्या दिवशीचा रुसवा पळतो. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

आणि तो छोटा इलेक्ट्रिक कुकर किंवा पाण्यात बुडवायचा हीटर घरीच ठेवा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपली उपकरणं २३० ची. तापायचं उपकरण तिथे जेमतेम एक पंचमांश ताकदीने चालतं, म्हणजे भात शिजेस्तोवर सकाळ होईल. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अॅडॉप्टर लागतो.

औषधांचं शेवटच्या दिवसावर ढकलू नका. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं परवानगीशिवाय तिथे नेता येत नाहीत, आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं महिन्याभराहून जास्त पुरतील इतकी न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते. घरात पडलेली सर्दीची गोळी बॅगेत टाकण्याआधी पाकिटावरचे घटक वाचा.

दुसरी पायरी: काताकाना शिका, बाकी राहू द्या

दोन आठवड्यांत जपानी भाषा येणार नाही. पण परदेशी शब्द लिहायची काताकाना लिपी येऊ शकते: मूळ अक्षरं ४६. मेनूवरचे ‘कोही’, ‘केकी’, ‘बाता’, ‘चीझु’ हे शब्द तेवढ्यावर वाचता येतात. आपल्याला एक आयता फायदाही आहे. जपानी अक्षरांचा क्रम अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा चालतो, आणि त्यामागे बौद्ध भिक्षूंबरोबर तिथे पोचलेलं संस्कृतचं वर्णज्ञान आहे. आपल्या बाराखडीची सवय असलेल्या माणसाला तो पटकन बसतो.

याचा खरा लाभ मनाला होतो. भोवतालचं एकही अक्षर वाचता येत नाही, ही स्थिती शिकलेल्या माणसाला फार जाचते. निवृत्त मुख्याध्यापक असो की बँकेतला अधिकारी, पाटीपुढे उभं राहिल्यावर आपण अडाणी झालो असं वाटतं. दहा पाट्यांपैकी दोन वाचता आल्या तरी तो जाच बराच उतरतो.

तिसरी पायरी: पहिले चोवीस तास

पहिल्या दिवशी काहीही ‘बघायचं’ ठेवू नका. भारतापेक्षा घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. फरक फार नाही, पण रात्रीचं विमान आणि सकाळी उतरणं यात झोपेचा बोऱ्या वाजतो. त्यात हॉटेलची खोली दुपारी तीनच्या आधी मिळत नाही. काउंटरवर विनवण्या करून उपयोग नाही. बॅगा मात्र ते आनंदाने ठेवून घेतात.

दिवसभरात एवढंच करा: सुईका, पास्मो किंवा इकोका यांपैकी एक प्रवासी कार्ड घ्या, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून थोडे येन काढा, हॉटेलजवळचं छोटं किराणा दुकान म्हणजे ‘कोन्बिनी’ शोधा, आणि हॉटेल ते स्टेशन हा रस्ता चालून पाहा. कुठली एक्झिट आपली, तिचा नंबर लिहून ठेवा. ‘स्टेशनला भेटू’ हे वाक्य जपानमध्ये निरर्थक आहे.

कोन्बिनीतली पहिली खरेदी म्हणजे छोटीशी परीक्षा असते. आत पाऊल टाकताच सगळे जोरात ‘इराश्शाइमासे’ म्हणतात. उत्तर द्यायचं नसतं; आपण नमस्कार करत उभे राहतो आणि मागच्याची वाट अडते. काउंटरवरची मुलगी भराभर दोन-तीन प्रश्न विचारते. त्यात बहुधा ‘फुकुरो’ ऐकू येतं, म्हणजे पिशवी हवी का. २०२० पासून तिचे पैसे पडतात. खाण्याचं काही घेतलं असेल तर ‘आतातामे’ ऐकू येईल, म्हणजे गरम करून देऊ का. हवं असेल तर ‘ओनेगाइशिमास’, नको असेल तर ‘दाइजोबु देस’. पैसे तिच्या हातात द्यायचे नाहीत, समोरच्या ट्रेमध्ये ठेवायचे. टिप कुठेच द्यायची नाही. ठेवून निघालात तर विसरले समजून कुणीतरी रस्त्यापर्यंत धावत येतं.

चौथी पायरी: पायांचं आणि बॅगांचं

जपान हा चालण्याचा देश आहे. गाडी बदलायला एकाच स्टेशनात दहा-दहा मिनिटं चालावं लागतं. लिफ्ट असते, पण अनेकदा एकाच टोकाला. आई-वडील बरोबर असतील तर एका दिवसात एकच भाग ठरवा. कार्यक्रमपत्रिका बनवताना उत्साहात पाच ठिकाणं टाकली असतील तर दोन खोडा. नवे बूट घेऊन जाऊ नका, आणि सहज काढता येतील असे घाला. बूट काढायची वेळ दिवसातून किती तरी वेळा येते.

मोठ्या बॅगा शहराशहरांतून ओढत नेण्याऐवजी ‘ताक्क्युबिन’ वापरा. हॉटेलच्या काउंटरवर किंवा कोन्बिनीत बॅग द्यायची, बहुधा दुसऱ्या दिवशी ती पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियो-क्योतो-ओसाका मार्गावर जाताना बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त होत असेल तर तिच्यासाठी जागा असलेलं आसन आधी आरक्षित करावं लागतं. जेआर पासबद्दल, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीच्या रेल्वेच्या पासबद्दल, जुन्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका: ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. टोकियो, क्योतो, ओसाका एवढंच करणाऱ्याला सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. आणि मध्यरात्रीच्या सुमारास लोकल बंद होतात, हे मुंबईकरांनाही सांगावं लागतं, कारण टॅक्सीचं बिल बघून झोप उडते.

पाचवी पायरी: शांतता

इथे जरा थांबतो, कारण मराठी कुटुंबाला खरा त्रास इथे होतो.

गच्च भरलेल्या डब्यात कुणी बोलत नाही. फोनवर बोलणं तर असभ्यच. आपण आपल्या नेहमीच्या आवाजात ‘अगं, पुढच्या स्टेशनला उतरायचंय ना?’ म्हणतो आणि अख्ख्या डब्याला ऐकू जातं. कुणी वळून पाहत नाही, हे आणखी वाईट. रागावलं असतं तर निदान कळलं असतं. फोन सायलेंटवर टाका, पाठीवरची सॅक पुढे घ्या, बोलायचं तर कुजबुजत बोला, नाहीतर फलाटावर उतरून. शिंकान्सेनमध्ये हलक्या आवाजात गप्पा चालतात, डबाही खाता येतो, लोकलमध्ये नाही.

सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. पाठ करायची गरज नाही, पुढचा उभा असेल त्याच्या मागे उभे राहा. कचऱ्याचे डबे रस्त्यावर सापडत नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बरेच काढून टाकले. एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा. हातरुमालही ठेवा, कारण बऱ्याच स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. बाकी स्वच्छतागृहांबद्दल आपण भारतीयांनी तक्रार करायचं कारण नाही. युरोपात पाण्यावाचून होणारे हाल इथे नाहीत. बटण दाबलं की कोमट पाणी येतं. दाबण्याआधी बंद करायचं बटण कुठलं तेवढं बघून ठेवा.

शांततेची दुसरी बाजू एकटेपणाची. आपल्याकडे गाडीत शेजारचा ‘कुठले तुम्ही?’ विचारतो, तिथे आठवडा गेला तरी कुणी विचारत नाही. एकट्याने फिरणाऱ्याला पाचव्या-सहाव्या दिवशी आपण अदृश्य झालो असं वाटू लागतं. त्यावर दिवसातून एक ठरलेला फोन घरी करावा, आणि एखादी संध्याकाळ आठ-दहा खुर्च्यांच्या छोट्या खाणावळीत काउंटरला बसावं. तिथे मालक बोलतो, शेजारचाही बोलतो. इझाकायात, म्हणजे दारूबरोबर खाणं मिळतं अशा ठिकाणी, न मागवता एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात तिचे पैसे लागतात. ती बसायच्या जागेची रीत आहे, फसवणूक नाही.

सहावी पायरी: मुक्काम

साध्या हॉटेलची खोली इतकी लहान असते, की दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. बुकिंग करताना माणसांची संख्या खरी लिहा. ‘दोघांच्या खोलीत तिसरा अॅडजस्ट करू’ हे तिथे चालत नाही.

‘र्योकान’मध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलात, चपलांचा क्रम असा: दारात बूट काढायचे, आतल्या सपाता घालायच्या, तातामीच्या चटईवर पाय ठेवण्याआधी त्याही काढायच्या, आणि संडासासाठी वेगळ्या सपाता असतात त्या तिथेच सोडायच्या. आपल्या आजीच्या सोवळ्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे जड जाणार नाही.

गरम पाण्याच्या झऱ्याचं सार्वजनिक स्नान, ‘ओन्सेन’, हे विवस्त्र असतं, स्त्री-पुरुषांचं वेगळं. पोहण्याचा पोशाख चालत नाही. छोट्या स्टुलावर बसून आधी अंग साबणाने स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे, मग कुंडात उतरायचं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. संकोच वाटत असेल तर मन मारून जाऊ नका. ‘काशिकिरी’ म्हणजे तासाच्या हिशेबाने फक्त तुमच्या कुटुंबापुरतं मिळणारं स्नानगृह विचारा. गोंदण असेल तरीही हाच मार्ग, कारण अनेक ठिकाणी गोंदण असलेल्यांना मोठ्या कुंडात घेत नाहीत.

जेवताना चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी मृताच्या विधीतल्या आहेत. नूडल्स भुरकल्या तर मात्र कुणाला काही वाटत नाही.

सातवी पायरी: चौथा-पाचवा दिवस

या सुमारास भांडण होतं. जपानवर चिडता येत नाही, सगळे इतके नम्र असतात, मग नवरा बायकोवर चिडतो, बायको मुलांवर, आणि मुलं फोनमध्ये तोंड खुपसतात. विषय फालतू असतो: तिकीट कुणाकडे होतं, चुकीच्या गाडीत कुणी बसवलं. अशा वेळी आधी तीन प्रश्न विचारा: शेवटचं पोटभर कधी जेवलो, काल रात्री किती झोपलो, आज किती चाललो. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

म्हणून चौथ्या दिवसाची दुपार मुद्दाम रिकामी ठेवा. कॉइन लॉन्ड्रीत कपडे धुवा, बागेत बसा, आणि शक्य असेल तर तीन तास वेगवेगळे फिरा. ओकायामा वाटेवर येत असेल तर तिथली कोराकुएन बाग उत्तम. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची रचना तिच्यावरूनच केली आहे. अनोळखी देशात ओळखीचा आकार दिसला की बरं वाटतं.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. गाडी भरलेली असून तुमच्या शेजारची जागा रिकामी राहते, असं कधी होईल. एखाद्या छोट्या हॉटेलच्या दारातच हातांची फुली करून नको म्हणतील. कधी त्यामागे इंग्रजी बोलावं लागेल ही भीती असते, कधी खरोखर जागा भरलेली असते, आणि कधी तो सरळ भेदभावच असतो. कुठलं काय, याचा निवाडा त्याच संध्याकाळी करायला बसू नका. पुढच्या दुकानात जेवा आणि मग विचार करा. पर्यटकांच्या गर्दीला तिथले लोक विटलेत हेही खरं. क्योतोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, आत शिरल्यास १०,००० येन दंडाची पाटी आहे. गेइशांच्या मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांनी ती वेळ आणली.

अडचण आलीच तर

फोन अचानक कर्कश ओरडू लागला तर तो भूकंपाचा इशारा असतो. बाहेर पळू नका. टेबलाखाली जा, डोकं सांभाळा, हादरे थांबेपर्यंत थांबा. आजूबाजूचे लोक काय करतात ते बघा. ते शांत असतील तर तुम्हीही घाबरू नका. पर्यटकांसाठीचं ‘सेफ्टी टिप्स’ हे अॅप इंग्रजीत सूचना देतं, ते निघण्याआधीच फोनमध्ये घ्या.

काही हरवलं तर गाडीत हरवलेलं स्टेशनच्या कचेरीत आणि रस्त्यात हरवलेलं ‘कोबान’ म्हणजे पोलिसांच्या छोट्या चौकीत विचारा. वस्तू परत मिळण्याची शक्यता चांगली असते. पासपोर्ट कायम अंगावर हवा, तिथे तो कायदाच आहे. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९. जपानच्या पर्यटन संस्थेची ०५०-३८१६-२७८७ ही मदतवाहिनी चोवीस तास इंग्रजीत बोलते. भारताचा दूतावास टोकियोत आहे आणि ओसाकात वाणिज्य दूतावास. प्रवास विम्याचा नंबर, हे सगळे आकडे आणि जपानी लिपीतला हॉटेलचा पत्ता एका कागदावर लिहून त्याची प्रत घरातल्या प्रत्येकाच्या खिशात ठेवा, आजी-आजोबांच्या आणि मुलांच्याही. फोनची बॅटरी नेमकी त्यांचीच आधी संपते.